प्रोसेसरची उष्णता : निचरा आणि निर्मिती

१. प्रश्नाचे स्वरूप

घरच्या मेजावरील संगणकाविषयी ज्या तक्रारी दुरुस्ती करणाऱ्याकडे येतात, त्यांतील बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी प्रोसेसरची उष्णता असते. मात्र ती तक्रार त्या नावाने क्वचितच नोंदवली जाते. पंखा एकाएकी घोंघावू लागतो, चालू काम मंदावते, वैशाखातल्या दुपारी यंत्र कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते व अर्ध्या तासाने काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. मालक ही लक्षणे सांगतो आणि निदान दुसऱ्यावर सोपवतो. निदानाबाबत फारसा मतभेद होत नाही. उपायांबाबत मात्र तो विपुल आहे. कोणी मोठा हीटसिंक सुचवतो, कोणी पाण्यावर चालणारी यंत्रणा, कोणी कॅबिनेटला आणखी दोन पंखे. कोणी पेस्ट बदलण्याची, तर कोणी बायोसमध्ये शिरून व्होल्टेज उतरवण्याची शिफारस करतो. आणि हे तापमान निर्मात्यालाच मंजूर असल्यामुळे काहीही करण्याचे कारण नाही, असा निर्वाळा देणाराही एक पक्ष आहे.

या मतांची एकत्र मांडणी केली असता असे आढळून येते की, एकच भासणारा हा प्रश्न दोन स्वतंत्र प्रश्नांचा मिळून झालेला आहे. प्रोसेसरमध्ये उत्पन्न झालेली उष्णता तेथून दूर कशी न्यावी, हा पहिला. आणि ती मुळातच कमी कशी उत्पन्न व्हावी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सापडले की प्रोसेसर थंड होतो, परंतु खोलीत येऊन पडणारी उष्णता जवळजवळ तेवढीच राहते. दुसऱ्याचे उत्तर सापडले की प्रोसेसर व खोली दोन्ही निवतात, परंतु बहुधा वेगाचा काही अंश सोडून द्यावा लागतो. प्रस्तुत आढाव्यात हा भेद कायम ठेवून प्रथम या प्रश्नाचा इतिहास, नंतर निरनिराळ्या पक्षांची भूमिका आणि अखेरीस अद्याप निकालात न निघालेल्या बाबी, असा क्रम स्वीकारला आहे.

२. पूर्वपीठिका

इंटेल कंपनीने १९७१ साली बाजारात आणलेल्या ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचा वीजखर्च एका वॉटच्या आतबाहेर होता. त्याला थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र तजवीज करावी, असे कोणाच्या मनातही आले नसेल. १९८५ सालचा ३८६ हा प्रोसेसरदेखील सामान्यतः उघडाच बसवला जाई. ४८६ मालिकेतील वेगवान नमुन्यांवर, विशेषतः १९९२ च्या ६६ मेगाहर्ट्‌झच्या नमुन्यावर, धातूचा हीटसिंक दिसू लागला. आणि १९९३ साली ५ व्होल्टवर चालणारा पहिला पेंटियम सुमारे १५ वॉट वीज खाऊ लागला, तेव्हा हीटसिंकवरील लहानसा पंखा ही घरगुती संगणकातली नित्याची वस्तू झाली.

ही वाढ इतकी सावकाश का झाली, याचे उत्तर आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेल्या सिद्धांतात सापडते. ट्रान्झिस्टरचे आकारमान घटवताना त्याचे व्होल्टेज त्याच प्रमाणात घटवत नेले, तर तेवढ्याच क्षेत्रफळावर अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही दर चौरस सेंटिमीटरमागे होणारा वीजखर्च वाढत नाही, असा त्याचा आशय होता. सुमारे तीन दशके उद्योगाची भरभराट या आधारावर चालली. परंतु व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे उतरवले की बंद स्थितीतील ट्रान्झिस्टरमधूनही विजेची गळती होऊ लागते. आणि ही गळती दुर्लक्ष करण्याजोगी उरली नाही, तेव्हा तो आधार निखळला. इंटेलचे तत्कालीन अधिकारी पॅट गेल्सिंगर यांनी २००१ सालच्या एका परिषदेत, हाच क्रम पुढे चालू राहिल्यास प्रोसेसरवरील उष्णतेची घनता प्रथम अणुभट्टीची, मग अग्निबाणाच्या नळकांड्याची आणि शेवटी सूर्यपृष्ठाची बरोबरी करील, असा जाहीर इशारा दिला होता.

तो क्रम पुढे चालू राहिला नाही, कारण तो चालू ठेवणे शक्यच झाले नाही. २००४ च्या आरंभी आलेला ‘प्रेस्कॉट’ हा पेंटियम ४ चा अवतार शंभर वॉटच्या घरात पोहोचला. त्याच वर्षी त्याचा नियोजित वारस ‘तेजास’ आणि ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४, हे दोन्ही बेत कंपनीने रद्द केले. २००६ च्या कोअर २ ड्युओने गिगाहर्ट्‌झची शर्यत सोडून एकाऐवजी दोन गाभ्यांत काम विभागले व उष्णतेचा अधिकृत आकडा ६५ वॉटवर आणला. त्यानंतरची काही वर्षे तुलनेने शांततेची गेली. पुढे गाभ्यांची संख्या वाढत गेली, स्पर्धा तीव्र झाली आणि २०२२ साली इंटेलच्या आय ९-१३९०० के या प्रोसेसरला कमाल २५३ वॉट, तर एएमडीच्या रायझन ९ ७९५० एक्सला २३० वॉट वीज घेण्याची मुभा निर्मात्यांनीच देऊन टाकली. आजचा वाद या आकड्यांच्या छायेत चाललेला आहे.

३. उष्णतेचा मार्ग

वादातील पक्ष समजून घेण्यापूर्वी उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे पाहणे इष्ट आहे. सिलिकॉनच्या तुकड्यात उत्पन्न झालेली उष्णता प्रथम त्यावरील तांब्याच्या, निकेलचा मुलामा दिलेल्या झाकणात जाते. झाकणातून पेस्टच्या पातळ थरामार्गे हीटसिंकच्या तळाशी, तळातून नळ्यांच्या साहाय्याने पात्यांत, पात्यांतून पंख्याच्या हवेत, हवेतून कॅबिनेटबाहेर आणि सरतेशेवटी खोलीत. या मार्गावरील प्रत्येक टप्पा काही ना काही अडथळा करतो, आणि त्या अडथळ्यांची बेरीज ‘दर वॉटमागे किती अंश’ या मापाने सांगता येते.

उदाहरणादाखल, हा एकूण अडथळा दर वॉटमागे अर्धा अंश आहे असे धरू. प्रोसेसर ६५ वॉट खात असेल, तर त्याचे तापमान खोलीपेक्षा साधारण ३२ अंशांनी चढेल. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत ते ५७ आणि ४० अंशांच्या खोलीत ७२ होईल. तोच प्रोसेसर १५० वॉट खाऊ लागला, तर चढ ७५ अंशांचा होईल; २५ अंशांच्या खोलीत तो बरोबर शंभरावर टेकेल आणि ४० अंशांच्या खोलीत ११५ व्हायला हवा, परंतु इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असल्याने तो तेथे पोहोचण्याआधीच आपला वेग आपण होऊन उतरवील. परीक्षणे प्रसिद्ध करणाऱ्या प्रयोगशाळांतील खोल्या बहुधा २० ते २५ अंशांवर राखलेल्या असतात. नागपूर किंवा चंद्रपूर येथील मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तेथील वाचकाने अशा परीक्षणातील आकड्यांत खोलीचा फरक मिळवूनच ते वाचावयाचे असतात.

मार्गाच्या आरंभीचा टप्पा सर्वांत अरुंद आहे. सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यातून ७० वॉट बाहेर पडत असतील, तर ती घनता दर चौरस सेंटिमीटरला १०० वॉट होते. कपड्यांच्या हजार वॉटच्या इस्त्रीच्या तळाची घनता पाच वॉटच्या आसपास असते. मोठा हीटसिंक लावूनही काही नव्या प्रोसेसरांचे तापमान अपेक्षेइतके का उतरत नाही, याचा उलगडा येथे होतो : अडचण हीटसिंकपाशी नसून उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचण्यात आहे.

झाकणाच्या आतील जोडाबद्दलही यामुळेच मोठा वाद झाला. इंटेलने २०१२ च्या ‘आयव्ही ब्रिज’ पिढीत सिलिकॉन व झाकण यांच्यामधील डाख काढून तेथे पेस्ट वापरली, त्यावर जाणकारांची नाराजी ओढवून घेतली आणि २०१८ मध्ये आय ९-९९०० केसारख्या प्रोसेसरांत डाख पुन्हा आणला. दरम्यानच्या काळात काही हौशी मंडळी झाकण उचकटून आत गॅलियमयुक्त द्रवधातू भरू लागली होती. तापमान त्याने खरोखरच उतरते; परंतु गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतो, शिवाय त्याचा एखादा थेंब मदरबोर्डवर ओघळल्यास विद्युतमार्ग जोडला जाण्याचे भय असते आणि हमीपत्र तर बाद होतेच. घरगुती वापरासाठी हा उपाय सुचवणारे आज थोडेच उरले आहेत.

बाहेरच्या पेस्टचे काम तांब्याच्या दोन पृष्ठांमधील सूक्ष्म खळग्यांतली हवा हुसकावणे, एवढेच आहे. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर हवेची ०.०२६ आहे, पेस्टची चार ते बारा सांगितली जाते. पेस्ट तांब्यापेक्षा फार हलकी परंतु हवेपेक्षा फार सरस असल्यामुळे ती हवीच, पण थर होईल तितका पातळ हवा. ती वाटाण्याएवढी मध्यभागी ठेवावी, फुलीच्या आकारात घालावी की सर्वत्र पसरावी, याविषयी पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. पुरेशी पेस्ट व पुरेसा दाब असल्यास या रीतींतील अंतर नगण्य ठरते, यावर आता बहुतेकांचे एकमत आहे. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत पेस्ट मध्यभागातून कडेला सरकते, म्हणून काही वर्षांनी ती बदलावी, यालाही कोणाची हरकत नाही. बदलताना एक दक्षता आवश्यक आहे. एएमडीच्या एएम ४ पद्धतीच्या जुन्या मदरबोर्डवर, वाळून घट्ट झालेल्या पेस्टमुळे हीटसिंक उचलताच प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो व त्याच्या पिना वाकतात. म्हणून यंत्र दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊन होऊ द्यावी, मग वीज तोडून हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळावा आणि तो सुटल्याची खात्री झाल्यावरच वर उचलावा.

४. हवा आणि पाणी

उष्णता दूर नेण्याच्या उपायांत दोन प्रमुख पक्ष आहेत. पहिला पक्ष हवेच्या हीटसिंकचा. आजच्या हीटसिंकचे सामर्थ्य त्यातील तांब्याच्या उष्णतानळ्यांत आहे. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ च्या सुमारास लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत या नळीचा विकास केला, तो अंतराळयानातील उपयोग डोळ्यांपुढे ठेवून. नळीत अल्पसे पाणी कमी दाबाखाली कोंडलेले असते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धाव घेते, तेथे पुन्हा पाणी होऊन आतील सच्छिद्र अस्तरातून मूळ जागी परतते. या पक्षाचे म्हणणे असे की, अशा रचनेत हलणारा भाग काय तो पंखा. तो बंद पडला तरी धातूचा ठोकळा काही काळ उष्णता शोषीत राहतो, प्रोसेसर वेग उतरवून स्वतःला सावरतो आणि नवा पंखा कोणत्याही बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत, माफक किमतीत मिळतो.

दुसरा पक्ष बंदिस्त द्रवयंत्रणेचा. यात प्रोसेसरवर तांब्याची पोकळ पट्टी व पंप बसतो, रबरी नळ्यांतून द्रव कॅबिनेटच्या कडेला लावलेल्या रेडिएटरकडे जातो आणि तेथे दोन किंवा तीन पंखे त्याला निववतात. पाण्याने संगणक थंड करण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमच्या १९८० च्या ३०८१ या मेनफ्रेम संगणकात तशी योजना होती, आणि १९८५ चा क्रे-२ तर संपूर्णपणे एका फ्लुओरिनयुक्त द्रवात बुडवलेला असे. घरगुती यंत्रांत ॲपलने २००४ साली पॉवर मॅक जी ५ मध्ये हा प्रयोग केला, आणि पुढे त्यातील काही यंत्रांत द्रव गळाल्याच्या तक्रारी झाल्या. समर्थकांचा युक्तिवाद असा की, रेडिएटरचे पृष्ठफळ मोठे असते, तो गरम हवा थेट बाहेर फेकतो आणि द्रवाला तापायला वेळ लागत असल्याने कामाच्या अल्पकालीन उसळीत पंख्यांचा आवाज लगेच चढत नाही. प्रतिपक्षाचे उत्तर असे की, पंप ही निकामी होऊ शकणारी एक जादा वस्तू आहे, नळ्यांतून वर्षानुवर्षे द्रव किंचित झिरपून उडत राहतो आणि यंत्रणा बहुधा दुरुस्त न होता टाकूनच द्यावी लागते.

दोन्ही पक्षांना सारखीच लागू पडणारी मर्यादा ही की, हवा वा पाणी यांपैकी कोणीही प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. ती मर्यादा ओलांडण्यासाठी विजेच्या साहाय्याने उष्णता ओढून घेणाऱ्या पेल्टियर पट्टीचा प्रयोग झाला. इंटेलने २०२० साली या तत्त्वावरील एका शीतन योजनेला पाठिंबा दिला व २०२३ मध्ये तो काढून घेतला. अशी पट्टी स्वतःच पुष्कळ वीज खाते, आणि दमट हवेत तिच्यावर दव जमते. कोकणात किंवा गोव्यात हवा ३२ अंश उष्ण व ८० टक्के दमट असताना दवबिंदू २८ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे केवळ चार-पाच अंशांनी थंड केलेल्या धातूवरही पाणी सुटू लागेल. घरगुती वापरासाठी हा मार्ग तूर्त बाजूला पडला आहे.

सामान्य वापरापुरता विचार केल्यास, सव्वाशे वॉटपर्यंतच्या प्रोसेसरला चांगला हवेचा हीटसिंक पुरतो आणि अडीचशे वॉटच्या बाजूने मोठ्या रेडिएटरचे पारडे जड होते, याविषयी दोन्ही पक्षांत फारसा वाद उरलेला नाही. खरी मतभिन्नता मधल्या पट्ट्यात आहे, आणि तिथे आवाज, किंमत व देखभालीची तयारी यांनुसार निवड बदलते.

५. कॅबिनेट, धूळ आणि खोली

हीटसिंक कितीही उत्तम असला तरी त्याला मिळणारी हवा कॅबिनेटमधूनच यावयाची असते. हवेचे तापमान दहा अंशांहून अधिक चढू न देता १५० वॉट वाहून न्यावयाचे, तर सेकंदाला सुमारे १३ लिटर हवा आतून बाहेर जावी लागते. मदरबोर्ड व कॅबिनेट यांच्या १९९५ च्या एटीएक्स रचनेत या दृष्टीने उणिवा आहेत, हे इंटेलने ओळखले होते. २००४ च्या सुमारास कंपनीने बीटीएक्स नावाची नवी रचना पुढे केली, जीत समोरून येणारी थंड हवा सर्वप्रथम प्रोसेसरवर जाई. परंतु कमी उष्णतेचे प्रोसेसर आले, तशी तिची निकड ओसरली आणि २००६ मध्ये कंपनीनेच ती सोडून दिली. आजही आपण एटीएक्सच्याच चौकटीत पुढून हवा घेणे व मागून-वरून सोडणे, या रिवाजावर अवलंबून आहोत.

पंख्यांबाबत यंत्रशास्त्राचे नियम स्पष्ट आहेत. फेऱ्या दुप्पट केल्या की हवा दुप्पट मिळते, परंतु पंख्याचा वीजखर्च आठपट होतो व आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. म्हणून लहान व वेगवान पंख्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचा सावकाश फिरणारा पंखा श्रेयस्कर ठरतो. बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा आत येणारी हवा थोडी अधिक ठेवावी की कमी, हा मात्र वादाचा विषय आहे. अधिक ठेवल्यास धूळ केवळ जाळी लावलेल्या मार्गानेच आत येते, असे एक पक्ष म्हणतो; कमी ठेवल्यास गरम हवा कोपऱ्यांत साचून राहत नाही, असे दुसरा म्हणतो. आपल्याकडील धूळ विचारात घेता पहिल्या पक्षाची बाजू काहीशी भक्कम दिसते.

आपल्या घरांतील अडथळे बहुतांशी अधिक साधे असतात. संगणकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या टेबलात कॅबिनेट ठेवण्याचा कप्पा तिन्ही बाजूंनी बंद असतो. मागे भिंत, पुढे दार, आणि धुळीपासून संरक्षण म्हणून वर प्लॅस्टिकचे आवरण. अशा कप्प्यात बाहेर पडलेली तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. धुळीचे म्हणाल तर, दोन-तीन वर्षे न उघडलेल्या यंत्रातील हीटसिंकचा पंखा सोडवून पाहिल्यावर पात्यांच्या तोंडाशी करड्या रंगाचा एक सलग थर आढळतो. त्यात केस, तंतू व स्वयंपाकघरातील तेलाचा अंश मिसळलेला असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पंखा फिरताना दिसत असल्याने या थराची शंकाही येत नाही. पंखा थरावर हवा मारतो, पात्यांमध्ये ती शिरत नाही. दिवाळीच्या साफसफाईत यंत्र गच्चीवर नेऊन ब्लोअर मारण्याची पद्धत योग्यच आहे, मात्र तसे करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. एरवी ती वाऱ्याने बेफाम फिरून बेअरिंग बिघडते.

६. निर्मिती घटवण्याचा पक्ष

आतापर्यंतचे सर्व उपाय उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारे होते. विजेचा जमाखर्च मांडणारा पक्ष येथे हरकत घेतो. दोनशे वॉट खाणारे यंत्र सहा तास चालले, तर १.२ युनिट वीज उष्णतारूपाने खोलीत आली. ती हीटसिंकमार्गे आली की रेडिएटरमार्गे, याला खोलीच्या दृष्टीने महत्त्व नाही. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर काढते. त्याच्या क्षमतेचा सहा टक्के हिस्सा एकट्या संगणकाने अडवला, आणि ती उष्णता बाहेर काढण्याचा वीजखर्च पुन्हा वेगळा. वातानुकूलन नसलेल्या घरात हा भार थेट माणसांवर पडतो.

या पक्षाचा शास्त्रीय पाया असा : प्रोसेसरच्या कामात खर्च होणारी वीज त्याच्या फेऱ्यांच्या वेगाच्या प्रमाणात, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १.३ वरून १.२ वर आणले, तर वेग तोच ठेवूनही हा खर्च सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. उलटपक्षी, शेवटच्या काही शतांश वेगासाठी निर्माते व्होल्टेज फार चढवतात, म्हणून वेगाच्या त्या टोकाशी दर वॉटमागे मिळणारे काम सर्वांत कमी असते. एएमडीने रायझन ७००० मालिकेत ‘इको मोड’ नावाची सोय दिली आहे, ती वीजमर्यादा १०५ किंवा ६५ वॉटच्या पातळीवर आणते. इंटेलच्या मदरबोर्डांवरही वीजमर्यादा बायोसमधून ठरवता येते. मर्यादा निम्म्यावर आणली तरी काम निम्म्यावर येत नाही, त्याहून पुष्कळ कमी घटते, हे अनेक परीक्षकांनी दाखवून दिले आहे. बायोसला हात लावण्याची भीती वाटणाऱ्यास विंडोजच्या वीजविषयक तपशिलात प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की टर्बो वेग बंद पडतो, हा सोपा मार्ग उपलब्ध आहे.

व्होल्टेज उतरवण्याविरुद्ध मांडले जाणारे आक्षेपही विचारार्ह आहेत. प्रत्येक तुकडा निराळा असतो. शेजाऱ्याच्या यंत्राला मानवलेली घट आपल्या यंत्राला मानवेलच असे नाही, आणि न मानवल्यास होणारा बिघाड तत्काळ न दिसता, एखाद्या हिशेबाच्या फाइलीत चूक होऊन, महिन्याभराने उघडकीस येऊ शकतो. निर्मात्याने ठेवलेली व्होल्टेजची शिल्लक ही तुकड्याचे वय वाढल्यावर उपयोगी पडावी म्हणूनच ठेवलेली असते, असेही अभियंते सांगतात. शिवाय २०१९ साली ‘प्लंडरव्होल्ट’ नावाने व्होल्टेज-नियंत्रणातील एक सुरक्षादोष उघड झाला, तेव्हापासून अनेक यंत्रांत ही सोयच बंद करण्यात आली. वीजमर्यादा उतरवण्याला मात्र यांपैकी एकही आक्षेप लागू होत नाही. तिथे गमवावा लागतो तो केवळ वेग.

याच पक्षाची एक शाखा आणखी मागे जाऊन विचारते, की इतका बलवान प्रोसेसर हवाच कशासाठी? पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास व चित्रपट एवढ्याच कामांसाठी इंटेलच्या ६ वॉटच्या एन १०० सारख्या प्रोसेसरचे छोटे यंत्र पुरे पडते. चित्रफितींचे संपादन करणारा किंवा खेळ खेळणारा हे मान्य करणार नाही, आणि त्याचे कारण रास्त आहे. परंतु पुष्कळ घरांत यंत्र घेतले जाते ते कामाच्या मापाने न घेता ऐपतीच्या मापाने, हेही खोटे नाही.

७. किती तापमान चालेल?

तापमानाची सुरक्षित मर्यादा कोणती, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना वाद. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या टॉम्स हार्डवेअरच्या चित्रफितीत हीटसिंक काढताच एएमडीचा ॲथलॉन काही सेकंदांत जळाला, तर पेंटियम ४ केवळ मंदावला. त्या प्रसंगाची स्मृती अजून रेंगाळत असली, तरी आजचा प्रत्येक प्रोसेसर मर्यादा गाठताच वेग उतरवतो आणि त्यानेही न भागल्यास यंत्र बंद करतो. तो अचानक जळून जाण्याची भीती आता निराधार आहे.

उरलेला प्रश्न आयुर्मानाचा. एएमडीने ७००० मालिकेच्या वेळी, पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालणे हेच या प्रोसेसरांचे अपेक्षित वर्तन असल्याचे सांगितले. शीतन चांगले असेल तर प्रोसेसर तापमान न उतरवता वेग वाढवतो. म्हणून अशा यंत्रावर मोठा हीटसिंक लावून आकडा उतरण्याची वाट पाहणे व्यर्थ ठरते. प्रतिपक्ष असे दाखवतो की, प्रवाहाच्या रेट्याने धातूचे अणू सरकण्याची जी क्रिया सूक्ष्म तारांना झिजवते, ती उष्णतेने वेगावते, हे १९६९ सालच्या जेम्स ब्लॅक यांच्या सूत्रापासून मान्य आहे. ‘दर दहा अंशांना आयुष्य निम्मे’ हा बाजारात प्रचलित असलेला नियम मदरबोर्डवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना बऱ्यापैकी लागू पडतो. सिलिकॉनला तो जसाच्या तसा लावणे तज्ज्ञांना मान्य नाही.

२०२४ सालच्या घटनेने या चर्चेला वेगळे वळण दिले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. कंपनीने चौकशीअंती चढ्या व्होल्टेजाखाली व तापमानाखाली गाभ्यातील एक विशिष्ट मंडल अकाली जीर्ण होत असल्याचे सांगितले, मायक्रोकोडमध्ये दुरुस्त्या केल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. यातून तापमानमापकावरचा आकडा एकटाच पाहून भागत नाही, त्यामागील व्होल्टेजही पाहावे लागते, ही गोष्ट सर्व पक्षांना मान्य करावी लागली.

८. अनिर्णीत बाबी

पहिली बाब मोजमापाची. खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा आणि प्रत्यक्ष वीजखर्च यांत मेळ नसतो. एएमडीच्या एएम ४ प्रोसेसरवर ६५ लिहिलेले असले, तरी त्याला ८८ वॉटची मुभा असते. इंटेलने २०२१ पासून मूळ व कमाल असे दोन आकडे देण्यास आरंभ केला, ही सुधारणा आहे. परंतु दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करता येईल असे समान मानक अद्याप नाही, आणि ४० अंशांच्या खोलीत घेतलेली परीक्षणे तर विरळाच.

दुसरी बाब आयुर्मानाच्या पुराव्याची. दीर्घकाळ तापत राहिलेल्या प्रोसेसरांची वर्तणूक निर्मात्यांच्या दप्तरी नोंदलेली असणार. परंतु ती प्रसिद्ध होत नाही, तोवर दोन्ही पक्षांना अनुमानावरच भागवावे लागणार.

तिसरी बाब रचनेची. एएमडीने २०२२ मध्ये ५८०० एक्स ३ डी या प्रोसेसरात गाभ्यांच्या तुकड्यावर स्मृतीचा दुसरा तुकडा रचला, तेव्हा उष्णतेच्या वाटेत आणखी एक थर आला. २०२४ च्या ९८०० एक्स ३ डी मध्ये स्मृती खाली व गाभे वर अशी अदलाबदल करून तो दूर केला. वीज तुकड्याच्या पाठीमागून पुरवण्याची जी नवी पद्धत आता येत आहे, तीत उष्णता पसरवणारा सिलिकॉनचा थर फार पातळ करावा लागतो, म्हणून तिथे हीच अडचण नव्या रूपात उभी राहील. लोझान येथील संशोधकांनी २०२० साली तुकड्याच्या आतच द्रवाचे सूक्ष्म पाट कोरून दाखवले. परंतु प्रयोगशाळेतून घरच्या मेजापर्यंतचा तो प्रवास अद्याप सुरू झालेला नाही.

९. समारोप

समग्र विचार करता, उपायांची निवड कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे यावर ठरवणे इष्ट. यंत्र पूर्वी नीट चालत होते व आता तापते, अशी तक्रार असेल, तर दोष बहुधा निचऱ्यात आहे : धूळ काढावी, कप्प्याचे दार उघडावे, पेस्ट बदलावी, पंखा तपासावा, यांत खर्च नगण्य आहे. यंत्र नवे असूनही तापत असेल, तर दोष बहुधा निर्मितीत आहे : वीजमर्यादा उतरवून आठवडाभर आपले नेहमीचे काम करून पाहावे, आणि वेगातील फरक जाणवला नाही, तर तो वेग आपल्या उपयोगाचा नव्हता असे समजावे. फरक जाणवला व तो वेग खरोखर हवा असेल, तरच मोठ्या हीटसिंकचा वा द्रवयंत्रणेचा खर्च समर्थनीय ठरतो.

हा क्रम सर्वांना सारखाच पटेल असे नाही. थंड हवेच्या देशात संगणकाची उष्णता हिवाळ्यात खोलीच्याच कामी येते, आणि तेथील लेखकांनी निचऱ्यावर भर द्यावा, हे स्वाभाविक आहे. वर्षातील आठ महिने पंखा बंद करता येत नाही अशा प्रदेशात मात्र निचरा झालेली उष्णता घरातल्या माणसांनाच सोसावी लागते, आणि म्हणून येथे निर्मितीचा प्रश्न आधी विचारला जावा, असा या आढाव्याचा निष्कर्ष आहे.